गाडीचा क्लच खराब होत असल्याची लक्षणे : इंदूरच्या वाहनधारकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लच खराब झाला असे म्हणतात तेव्हा आत नेमके काय बिघडलेले असते?

इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक फिरत असते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेट बसवलेली असते. पेडलवर पाय नसतो तेव्हा प्रेशर प्लेटमधील पसरट स्प्रिंग ही क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोहोचते. पेडल दाबले की केबलच्या ओढीने किंवा ऑइलच्या दाबाने रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर रेटले जाते, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. त्यामुळे बिघाडाचे अगदी उलट असे दोन प्रकार संभवतात : प्लेट नीट पकडत नाही, हा पहिला, आणि प्लेट पूर्ण सुटत नाही, हा दुसरा. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. दुसऱ्यात अनेकदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर, केबलमध्ये किंवा ऑइलचा दाब देणाऱ्या सिलिंडरमध्ये सापडतो आणि काम थोडक्या वेळात, थोडक्या पैशांत होते. गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी आपली गाडी या दोहोंपैकी कशात मोडते हे वाहनधारकाने स्वतः ओळखलेले असावे, असा आमचा आग्रह आहे.

प्लेट झिजत आल्याचे पहिले लक्षण कोणते?

इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. मिस्त्री यालाच ‘क्लच स्लिप मार रहा है’ म्हणतात. हे लक्षण सुरुवातीला शहरात जाणवत नाही, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलकी चालते आणि प्लेटवर ताण कमी येतो. ते प्रथम दिसते वरच्या गिअरमध्ये, भार असताना. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटरने जाताना ओव्हरटेक करण्यासाठी ॲक्सिलरेटर जोरात दाबावा, आरपीएमचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा झटकन हजार-बाराशेने वर उडावा आणि वेगाचा काटा मात्र जागीच रेंगाळावा, असे एकदा जरी घडले तरी प्लेट पकड सोडू लागली आहे असे समजावे. ओल्या हाताने बरणीचे झाकण फिरवताना हात फिरतो आणि झाकण तसेच राहते, तसाच हा प्रकार आहे.

यासोबत गाडीचा पिकअप कमी झाल्याची आणि इंधन जास्त लागत असल्याची तक्रार येते. मात्र नुसता पिकअप कमी होणे हे क्लचचेच लक्षण आहे असे नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, इंधनाचा पुरवठा अपुरा असेल किंवा डिझेल गाडीचा टर्बो काम करत नसेल, तरीही गाडी सुस्त होते. फरक काट्यांवरून कळतो. इंजिनमध्ये दोष असेल तर आरपीएमही सावकाश वाढतो. क्लच सरकत असेल तर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही.

गॅरेजमध्ये न जाता याची खात्री करता येते का?

येते. सकाळी लवकर, रहदारी नसताना, सुपर कॉरिडॉरसारख्या सरळ आणि रुंद रस्त्यावर वर सांगितलेली चौथ्या गिअरची चाचणी करावी. इंजिन आणि क्लच पुरेसे तापलेले असावेत, कारण थंड क्लच अनेकदा दोष लपवतो. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून मगच परीक्षा घ्यावी.

दुसरी चाचणी उभ्या गाडीवर होते. समोर मोकळी जागा आहे आणि कोणी माणूस उभा नाही हे पाहून हँडब्रेक पूर्ण ओढावा, तिसरा गिअर टाकावा, आरपीएम दोन हजाराच्या आसपास ठेवून क्लच पेडल सावकाश पण न थांबता सोडावे. क्लच निरोगी असेल तर इंजिन गचका देऊन तत्काळ बंद पडते. ते गुरगुरत चालूच राहिले तर प्लेट सरकते आहे. लगेच पेडल दाबून चाचणी थांबवावी. ही परीक्षा एकदाच घ्यावी. मित्रांना दाखवण्यासाठी पुन्हा पुन्हा केल्यास उरलीसुरली प्लेट त्यातच संपते.

पेडल पूर्वीपेक्षा वर आल्यावर गाडी उचलते आणि ते कडकही लागते. याचा अर्थ काय?

केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये हे झिजेचे जुने आणि बरेच भरवशाचे लक्षण आहे. प्लेट पातळ होत जाते तसतशी स्प्रिंगची बोटे रिलीज बेअरिंगच्या दिशेने सरकतात, पेडलचा मोकळा प्ले (विरोध लागण्यापूर्वीचे अंतर) कमी होतो आणि गाडी उचलण्याची जागा वर वर जाते. स्प्रिंगचा कोन बदलल्यामुळे पेडलही जड होते. अर्थात केबल आतून गंजली किंवा तिचे तंतू तुटू लागले तरी पेडल जड होते, म्हणून स्वस्त गोष्ट आधी तपासावी. हाताने पेडल हलके दाबून पाहावे. सुरुवातीचे थोडे अंतर ते विनाविरोध खाली गेले पाहिजे. नेमका प्ले किती असावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. प्ले अजिबात उरला नसेल तर बेअरिंग स्प्रिंगला सतत रेटत राहते आणि चांगली प्लेटही सरकू लागते. केबल गरजेपेक्षा जास्त ताणून दिल्यामुळे स्लिप होणाऱ्या गाड्या अशाच असतात, आणि त्यांना नव्या प्लेटची नव्हे, ॲडजस्टमेंटची गरज असते.

ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच आपला प्ले बहुधा आपोआप जुळवून घेतो. तिथे पेडलच्या उंचीवरून झीज ओळखण्याच्या फंदात पडू नये.

गिअर खरखर करतो किंवा पडतच नाही. गिअरबॉक्स गेला का?

या तक्रारीवर गरज नसलेले काम सर्वांत जास्त केले जाते, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. प्रथम इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. नंतर इंजिन चालू करून, पेडल पूर्ण दाबून, तेच करावे. इंजिन बंद असताना सर्व गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, तर गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे. क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्ही वेळा गिअर सारखेच अडत असतील तर दोष गिअर लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा.

याला रिव्हर्स गिअरची जोड द्यावी. इंजिन न्यूट्रलमध्ये संथ चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (दातांचा वेग जुळवून देणारी रचना) नसतो, त्यामुळे आतील शाफ्ट थोडा जरी फिरत असला तरी दातांची खरखर स्पष्ट ऐकू येते. थांबूनही खरखर होत असेल तर पेडल दाबलेले असताना प्लेट फ्लायव्हीलला चाटते आहे. सिग्नलवर पहिला गिअर टाकून, पेडल तळाला दाबलेले असताना गाडी किंचित पुढे ओढते आहे असे वाटणे, हे याच दोषाचे आणखी एक रूप.

कारणे अनेक असतात. केबल वापराने लांबून सैल झालेली असते, केबलचे टोक जिथे अडकवतात तिथला ब्रॅकेट वाकलेला असतो, ऑइल गळून प्रणालीत हवा शिरलेली असते किंवा रिलीज बेअरिंगला रेटणारा फोर्क झिजलेला असतो. प्लेट वाकणे किंवा शाफ्टच्या खाचांमध्ये अडकून बसणे ही कारणे यादीत नंतर येतात. मिस्त्रीने पहिल्याच वाक्यात ‘गिअरबॉक्स उतारना पड़ेगा’ म्हटले, तर केबल किंवा सिलिंडर पाहिला का, हे शांतपणे विचारावे.

पेडल एकदम खाली बसते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते. हे काय आहे?

ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर (पेडलकडच्या) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचे रबर दाब धरत नाही. बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहावी. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांना एकाच डबीतून ऑइल जाते, त्यामुळे ही गळती केवळ गिअरपुरती क्षुल्लक मानू नये. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पेडलच्या वरच्या बाजूला, जिथे दांडा भिंतीत शिरतो तिथे, बोट फिरवावे. ओलसर लागले तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. स्लेव्ह सिलिंडर बाहेरून बसवलेला असेल तर त्याचे रबरी आवरण उचलताच आत साठलेले ऑइल दिसते. काही गाड्यांत मात्र तो रिलीज बेअरिंगसोबतच गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या आवरणाच्या आत असतो, आणि अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. ऑइल भरताना झाकणावर लिहिलेल्या डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचेच भरावे.

घाटातून आल्यावर जळका वास आला. तो क्लचचा की ब्रेकचा?

इंदूर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढचा भेरूघाट आणि आग्रा-मुंबई रस्त्यावरचा मानपूरचा घाट हे दोन्ही इथून निघताना उतरणीचे आणि परतताना चढणीचे आहेत. ओंकारेश्वरला जाताना घाट उतरल्यावर वास आला तर संशय आधी ब्रेकवर घ्यावा. दर्शन आटोपून परतताना, गाडीत पाच माणसे, एसी चालू आणि पुढे कूर्मगतीने चढणारा ट्रक, अशा अवस्थेत वास आला तर तो बहुधा क्लचचा असतो. ब्रेकचा वास चाकाजवळ नाक नेल्यास तीव्र येतो. क्लचचा बॉनेटच्या मागच्या बाजूने आणि डॅशबोर्डखालून आत येतो.

असा वास एकदाच आला आणि नंतर गाडी नेहमीसारखी चालली, तर घाबरण्याचे कारण नाही. सपाट जागा पाहून पंधरा-वीस मिनिटे गाडी थांबवावी. साध्या सपाट रस्त्यावरही वास येऊ लागला, किंवा वासानंतर स्लिप सुरू झाली, तर मात्र प्लेटचा पृष्ठभाग जळून गुळगुळीत झाला आहे असे मानावे. तो पूर्ववत होत नाही.

पेडल दाबल्यावर आवाज येतो, सोडल्यावर थांबतो. शेजाऱ्यांच्या गाडीत नेमके उलट होते. दोन्ही एकच दोष का?

नाही. पेडल दाबताच सुरू होणारा घरघर किंवा किरकिर असा आवाज रिलीज बेअरिंगचा असतो, कारण त्यावर भार तेव्हाच येतो. न्यूट्रलमध्ये पेडल मोकळे असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज सहसा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो, कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. पहिल्या आवाजाकडे फार काळ दुर्लक्ष केल्यास बेअरिंग फुटून स्प्रिंगची बोटे कापली जातात. पुष्कळ डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील, म्हणजे मधल्या स्प्रिंगांनी जोडलेली दोन चाके, असते. ते सैल झाले की इंजिन बंद करताना आणि संथ चालताना खडखड ऐकू येते.

पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरते.

प्लेटवर तेल आले असेल, फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग पडले असतील किंवा प्लेटच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर असे होते. मात्र इंजिनचे माउंटिंग (इंजिन टेकवलेला रबरी आधार) फाटले तरी गाडी हुबेहूब तशीच थरथरते, आणि माउंटिंग बदलणे कितीतरी स्वस्त पडते. ते आधी पाहावे. तेलाचे कारण निघाल्यास क्रँकचे (इंजिनच्या मुख्य शाफ्टचे) मागचे ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचे सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर क्लच सरकू लागला. तो गेला का?

प्लेटला पाणी लागले असेल तर काही किलोमीटर हलक्या पायाने चालवल्यावर ती कोरडी होते आणि पकड परत येते. पाण्यातून जाताना अर्धा क्लच दाबून इंजिन गुरगुरत ठेवण्याची पद्धत मात्र प्लेटच्या मुळावर येते. पहिल्या गिअरमध्ये, पेडल पूर्ण सोडून, एकसारख्या वेगाने जावे. गाडी पावसाळ्यात अनेक आठवडे एका जागी उभी राहिली तर गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसण्याचीही शक्यता असते, आणि मग पेडल दाबूनही गिअर पडत नाही.

क्लच प्लेट साधारण किती चालावी?

मॅन्युअल गाडीत ६० हजार ते १ लाख किलोमीटर ही सर्वसाधारण अपेक्षा आहे, पण पाय जड असेल तर तीच प्लेट निम्म्या अंतरातही संपते. दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत जवाहर मार्ग किंवा राजवाड्याच्या परिसरात तासभर गाडी हातभर हातभर पुढे नेणे हे महामार्गावरच्या कित्येक तासांपेक्षा प्लेटला महाग पडते, कारण प्लेट झिजते ती सरकताना. पूर्ण पकडलेली असताना तिची झीज जवळपास होत नाही. पुढच्या गाडीशी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक वापरावा. गाडी चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय तर पूर्णपणे मोडावी. पायाचा तेवढा भारही बेअरिंगला स्प्रिंगवर रेटत राहतो.

आमची गाडी एएमटी आहे. क्लचचे पेडलच नाही. हे सर्व आम्हाला लागू होते का?

होय, बव्हंशी. २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरियोपासून भारतातील छोट्या गाड्यांत एएमटी रुळली. तिच्यात क्लच प्लेट तीच असते, फक्त पाय आणि हाताचे काम यंत्र करते. म्हणून चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवल्यास एएमटीचाही क्लच जळतो. गिअर बदलताना पूर्वीपेक्षा मोठा धक्का बसणे, चढावर सुटताना थरथर, आरपीएम वाढूनही वेग न वाढणे आणि गिअरचा इशारा देणारा दिवा लागणे ही लक्षणे पाहावीत. नवी प्लेट बसवल्यावर स्कॅनर जोडून तिची नवी जागा संगणकाला शिकवावी लागते, त्यामुळे ज्या गॅरेजमध्ये ती सोय नाही तिथे हे काम देऊ नये. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या ऑटोमॅटिक प्रकारांच्या गाड्यांची रचना निराळी आहे. त्यांना येथील चाचण्या लावू नयेत.

क्लच थोडा सरकतो आहे आणि गणपतीला पुण्याला जायचे आहे. एवढी एक फेरी होईल का?

इंदूर-पुणे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे आणि वाटेत सेंधव्याजवळ बिजासन घाट, तर परतताना मानपूरची चढण आहे. सपाट रस्त्यावर किंचित सरकणारी प्लेट सामानाने भरलेल्या गाडीत अशा चढणीवर पार बसू शकते. आमचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. घरापासून ऑफिसपर्यंत आठ-दहा दिवस सांभाळून चालवणे वेगळे. तिथेही प्लेट पूर्ण संपून तिच्या रिव्हेटांची डोकी फ्लायव्हीलला खरवडू लागली, तर खर्चात फ्लायव्हीलची भर पडते.

वाटेतच क्लचने दगा दिला तर?

केबल तुटल्यास पेडल निर्जीवपणे खाली पडून राहते. अगदी गरज असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा आणि स्टार्टर मारावा. गाडी गचके देत चालू लागते आणि जवळच्या ढाब्यापर्यंत किंवा पंपापर्यंत जाता येते. पुष्कळ नव्या गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तेव्हा निकामी पेडलही दाबून ठेवावे. ही युक्ती भर रहदारीत करू नये. प्लेट सरकत असेल तर एसी बंद करावा, खालचा गिअर ठेवावा, ॲक्सिलरेटर हलका दाबावा. चढ समोर असेल तर टो व्हॅन बोलवावी.

फक्त प्लेट बदलून भागेल का, आणि काम करून घेताना काय पाहावे?

खर्चातला मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट एकदमच बदलणे शहाणपणाचे ठरते. जुने बेअरिंग वाचवून पाच-सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा देण्यात काही बचत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेट काही हजारांत येतो, पण दुहेरी फ्लायव्हील बदलण्याची वेळ आलेल्या डिझेल गाडीचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. म्हणून आधी लेखी अंदाज घ्यावा आणि फ्लायव्हीलचे काय करणार हे त्यात नमूद करून घ्यावे. साध्या फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग करता येते, म्हणजे त्याचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करता येतो. दुहेरी फ्लायव्हीलच्या बाबतीत असा जुगाड करू देऊ नये.

उतरवलेले सुटे भाग स्वतः पाहावेत. झिजलेल्या प्लेटवर अस्तर (पकड देणारा थर) रिव्हेटांच्या डोक्यांच्या जवळपास समपातळीत आलेले दिसते, जळलेली प्लेट काळपट आणि काचेसारखी गुळगुळीत असते, आणि तेल लागलेल्या प्लेटवर ओलसर डागांवर धूळ चिकटलेली असते. बेअरिंग हातात घेऊन फिरवावे. चांगले बेअरिंग गुळगुळीत आणि निःशब्द फिरते, खराब झालेले बोटांना खडबडीत जाणवते. अस्तर भरपूर शिल्लक आहे आणि प्लेट कोरडी आहे असे दिसले, तर हे काम का काढले याचे उत्तर मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

क्लच वॉरंटीत किंवा विम्यात बसतो का?

क्लच प्लेट ही वापराने झिजणारी वस्तू मानली जाते, त्यामुळे सर्वसाधारण झीज वॉरंटीत सहसा धरत नाहीत आणि विम्यातही ती येत नाही. अगदी थोड्या अंतरात प्लेट गेली, तर निर्मितीचा दोष आहे का याची तपासणी लेखी मागावी.

जुनी गाडी घेताना क्लच कसा पारखावा?

मालकाने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर चाचणीला उत्तमच. चौथ्या गिअरची आणि रिव्हर्सची अशा दोन्ही चाचण्या कराव्यात, शक्य असल्यास एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी. त्यानंतर खाली वाकून क्लच पेडलचे रबर पाहावे. मीटर ३५ हजार किलोमीटर दाखवत असेल आणि रबराच्या रेघा पुसून ते एका कडेने धातूपर्यंत झिजलेले असेल, तर क्लचच्या आधी मीटरबद्दल प्रश्न विचारावा. रबर अगदी कोरे असले तरी ते अलीकडे का बदलले, हे विचारायला हरकत नाही. क्लचचे काम नुकतेच झाल्याचे मालक सांगत असेल तर पूर्ण सेटचे बिल मागावे. बिल नसल्यास सेटची किंमत सौद्यातून वजा करूनच बोलणी करावी.